दुसरी खुर्ची

दौलतभाऊ निमगडे स्लॅबखाली खुर्ची टाकून बसायचे. तेही सेंट्रिंग निघत असताना. वर तीन आठवड्यांचं काँक्रीट, मजूर खालच्या टेकूच्या बल्ल्या एकेक करून ठोकून काढतायत, शहाणी माणसं रस्त्याच्या पलीकडे उभी, आणि बरोबर मधोमध हा गृहस्थ घडीच्या खुर्चीवर बसून बशीतून चहा पितोय!

"नकाशा म्या काढला ना? मंग पडला तं पयले माह्या डोक्यावर पडला पायजे," असं ते म्हणायचे.

खुर्च्या ते स्कूटरला बांधून न्यायचे आणि नेहमी दोन न्यायचे. दुसरीवर कोणी बसलेलं मी पाहिलं नाही. "ती यमासाठी," असं चंद्रपुरात सगळे म्हणत. हा विनोद मूळचा माझा. आमच्या धंद्यात माझं तेवढंच काम लोकांच्या लक्षात राहिलं आहे.

मीही वास्तुविशारद. मुंबईला शिकून आलो, गावात कचेरी थाटली, दाराला पितळी पाटी लावली. दौलतभाऊ नागपूरला कोणाच्या तरी कचेरीत नकाशे ट्रेस करायचे आणि ते करता करताच पदवीपर्यंत पोचले. पण ऊर्जानगरचा साहेब असो की कोरपन्याचा कापूसवाला, माझ्या पाटीसमोरून जायचा आणि त्यांचा मोडका जिना चढायचा. "भाऊच्या घराले चीर जात नाई," म्हणायचे लोक. माझ्या घरांना जायची. आता लपवून काय करू?

जिल्ह्यातल्या आम्ही अकरा जणांनी मंडळ काढलं. घटना मी लिहिली, रबरी शिक्का मी करून आणला, आणि अध्यक्ष ते झाले. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्याही. मी आपला उपाध्यक्ष. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी पहिला ठराव आणला, की प्रत्येक सदस्यानं आपापल्या स्लॅबखाली बसावं. टाळ्या वाजवून तो मंजूर झाला, पण पाळला कोणीच नाही. ज्याचा स्लॅब, त्याला नेमका त्याच सकाळी ताप यायचा.

"ताप हाये काय? पडून राहा म्हणा. मी बसतो," असं म्हणून दौलतभाऊ स्कूटरला किक मारायचे. माझ्या तीन स्लॅबखाली ते बसले. तिन्ही वेळा मी घरी चादरीत होतो, अगदी ठणठणीत.

उपकाराची परतफेड मी कशी केली, ते आता सांगतो. चौथ्या निवडणुकीच्या तोंडावर मी मंडळाला निनावी पत्र पाठवलं. 'आपले अध्यक्ष वास्तुविशारद नसून ट्रेसर आहेत. त्यांची पदवी तपासावी.' अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं आणि मुद्दाम ऊर्जानगरला जाऊन पेटीत टाकलं.

सभेत सचिवांनी पत्र वाचताच दौलतभाऊ उठून उभे राहिले. "अध्यक्षावर तक्रार हाये, तं अध्यक्षानं खुर्चीत बसू नये. या गुंडावारसाहेब, तुमी उपाध्यक्ष, बसा."

ज्या खुर्चीसाठी मी तीन वर्षं झुरलो, ती मला अशी मिळाली! माझ्याच पत्राची चौकशी करायला!

ते घरी गेले आणि भिंतीवरची तसबीर काढून घेऊन आले. पदवीच होती ती. काचेवर धूळ होती आणि मागे उपटलेला खिळा तसाच लोंबत होता. तसबीर हातोहात फिरत माझ्यापर्यंत आली. प्रथम वर्ग. मला दुसरा होता. तक्रार निराधार असल्याचं मी माझ्या तोंडानं जाहीर केलं.

मग दौलतभाऊंनी ते पत्र मागितलं, खिडकीकडे नेलं आणि तिरकं धरून बराच वेळ पाहिलं.

"कोणाचं वाटते भाऊ?" सचिवांनी विचारलं.

"आपल्यातल्याच कोणाचं हाये," ते म्हणाले. घडी घालून त्यांनी ते खिशात टाकलं आणि पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

मला तेव्हा आठवलं. पत्र लिहिण्यापूर्वी मी प्रत्येक ओळीच्या वर आणि खाली पेन्सिलीनं फिकट रेघ आखली होती. नकाशावर अक्षर काढताना आम्ही आखतो तशी. हात डावा घेतला, पण वीस वर्षांची सवय कुठे जाणार?

दोन महिने मी त्यांच्यासमोर गेलो नाही. मग कळलं, की जिवतीच्या शाळेचं सेंट्रिंग निघतंय. एस.टी.नं गेलो. ठेकेदार, गुरुजी, अर्धं गाव रस्त्यापलीकडे उभं होतं. आत दौलतभाऊ एकटेच, शेजारी रिकामी खुर्ची.

मी आत शिरलो.

"काऊन, आज ताप नाई आला?"

मी बसलो. जमीन खडकाळ होती, खुर्ची डगमगत होती. "भाऊ, ते पत्र..."

"थांबा. हालून राह्यली." त्यांनी खिशातून एक घडीचा कागद काढला, वाकून माझ्या खुर्चीच्या पायाखाली सरकवला. कागदावर फिकट रेघा होत्या. "दीड सुताच्या अंतरानं रेघा जिल्ह्यात एकच माणूस आखते. बसा आता आरामात."

मग तेच म्हणाले, "इतकी वर्षं दोन खुर्च्या आणून राह्यलो. कोणी आलंच नाई."

मिस्त्रीनं पहिल्या बल्लीवर हातोडा मारला. दौलतभाऊंच्या हातातल्या बशीतला चहा हिंदकळला. बशी थरथरत होती. रस्त्यापलीकडून ते कधी दिसलं नव्हतं.

"भेव वाटते काय भाऊ?" मी विचारलं.

"दरवेळी."

"आणि माझ्या स्लॅबखाली?"

"तुमच्या तं लयच!"

दुसरी बल्ली निघाली. मला खुर्ची त्यांच्याजवळ घ्यायची होती. पण खालचा कागद निघाला असता. म्हणून मी नुसता हात लांबवला आणि त्यांच्या बशीची दुसरी कड धरून ठेवली.