मामाचा शेअर आणि पप्पांची मिशी

एका हाताने वेणीची रिबीन धरून दिशाने दुसऱ्या हाताने मोबाईल उघडला आणि ती अशी किंचाळली, की ओट्यावरचं मांजर दुधाचा नाद सोडून पळालं.

"पप्पाऽऽ! मामाचा शेअर बावन्न!"

अंगणात अजिनाथचा ब्रश तोंडातच थांबला. हात मात्र आपोआप मिशीकडे गेला.

मिशी काही साधीसुधी नव्हती. सुप्याच्या एमआयडीसीत अजिनाथ एका कारखान्याच्या गेटवर होता, पण खरं सांगायचं तर ड्युटी मिशीच करायची. ट्रकवाले शिट्टीला जुमानत नसत. मिशी दिसली की करकचून ब्रेक! येत्या सोमवारी हेड गार्ड नेमायला नवे साहेब येणार होते. ते फाटकावरचा रुबाब बघतात म्हणे, आणि अजिनाथचा सगळा रुबाब नाकाखाली होता.

तोच त्याने भाऊबीजेला पणाला लावला होता. त्याचा मेव्हणा रामहरी, सुप्यातच मोटारपंप दुरुस्त करणारा. त्याने एका पंख्याच्या कंपनीचे शेअर सहा रुपयांना घेतले होते.

"पाचशे घेतले, दाजी. वर पाच शकुनाचे!"

"पंख्याची कंपनी अन् शेअरलाच वारा न्हाई," अजिनाथ करंजी चावत म्हणाला होता. "शिमग्यापर्यंत ह्यो पन्नासच्या वर गेला तर मिशी उतरवतो."

"न्हाई गेला तर माझी!"

रामहरीची मिशी म्हणजे चहा पिऊन तोंड पुसायचं राहिल्यासारखी. पण पैज ती पैज. पंच म्हणून दिशा; मामाचं शेअरचं खातंही तिच्याच मोबाईलवर होतं. शाळेत पैशापाण्याच्या प्रश्नमंजूषेत तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि तेव्हापासून ती कोथिंबिरीची जुडीसुद्धा टक्क्यांत घासाघीस करून आणायची.

"दिशे, कुनाला सांगू नको बरं," अजिनाथ चूळ भरत म्हणाला.

"मामाला फोन केला!"

चूळ गिळली गेली.

फटफटी आलीच. पुढे रामहरी, मागे हनुमंत न्हावी, आणि दोघांच्या मध्ये अर्धी दाढी झालेलं, तोंडाला फेस लागलेलं एक गिऱ्हाईक. "मला सोडून कुठं चालला?" म्हणत तेही बसलं होतं. गल्ली गोळा झाली. कुणीतरी खुर्चीसुद्धा आणली.

"अगं, सांग की तुझ्या भावाला," अजिनाथ बायकोकडे वळला. "सोमवारी साहेब यायचेत."

"शब्द दिलाय तर पाळा," आई पोळपाटावरून म्हणाली. "न्हाईतर गल्लीत तोंड कसं दाखवनार?"

"आता तोंडच तर दिसनार हाय!"

वस्तरा चालला. एक बाजू साफ झाली. रामहरी आनंदाने लाल झाला होता.

"दिशा, कर हिशोब! पाचशे पाच गुणिले बावन्न! तुझ्या मामीला फ्रीज!"

दिशाने ऐटीत बोट लावलं आणि आकडे पुन्हा एकदा नीट पाहिले. किमतीपुढे बावन्न होते, पण शेअरच्या संख्येपुढे नुसते पन्नास. खाली कंपनीचा न वाचलेला निरोप.

"थांबाऽऽ!"

हनुमंतचा वस्तरा हवेत थांबला.

"मामा, कंपनीनं दहा शेअरचा एक केलाय. दहा वाट्यांतली आमटी एका पातेल्यात ओतली. पातेलं मोठं दिसतं, आमटी तेवढीच!"

"म्हंजी?"

"म्हणजे जुन्या हिशोबानं शेअर पाच रुपये वीस पैसे. तुम्ही सहाला घेतला होता. आमटी थोडी सांडलीपण."

रामहरी मटकन ओट्यावर बसला. "आन् फ्रीज?"

"माठ घ्या."

"मंग माझी मिशी कशापायी काढली?" अजिनाथ ओरडला. गल्लीने दिशाकडे पाहिलं. पंचाने आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली.

"मी नुसती किंमत बघितली, पप्पा. नग बघितलेच नाहीत."

"आता ह्या अर्धीचं काय करू?" हनुमंतने विचारलं.

"चिकटव ती दुसरी!"

दिशा हळूच निरोप वाचू लागली. "मामाचे खरं तर साडेपन्नास होतात. शकुनाच्या पाचाचा अर्धाच. पण कंपनी अर्धा शेअर ठेवत नाही. तो विकून पैसे देऊन टाकते."

"ती अर्धा ठेवत न्हाई, तर तुमी तरी अर्धी कशाला ठेवता?" आई म्हणाली.

खर्रकन उरलेलीही गेली. अजिनाथ तसाच उठला आणि त्याने रामहरीला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. "शेअर वाढला न्हाई. आता तुझी पाळी."

"दाजी, शिमगा हुस्तवर तरी थांबा! वर जाईल की!"

दिशाने पुन्हा मोबाईल पाहिला. "एकोणपन्नास ऐंशी. आणि पैज जिंकायला आता पाचशेच्या वर जायला हवा."

रामहरीने मुकाट्याने हनुवटी वर केली. त्याची उतरवायला हनुमंतला फुंकरसुद्धा पुरली असती.

"ह्याच्या दहा मिशा एक केल्या तवा कुठं ह्यांची एक व्हायची," आई म्हणाली.

सोमवारी अजिनाथ रुमाल तोंडाला लावून कामावर गेला. घरात कुणी धड जेवलं नाही. दिशा तर दिवसभर दारातच उभी. संध्याकाळी तो आला, तो खांद्यावर नवी पट्टी लावूनच!

"पप्पा! हेड गार्ड?"

"मिशीखाली ल्हानपनी बैलानं शिंग मारल्याची खूण हुती न्हवं? रुमाल काढला अन् ती उघडी पडली. साहेबांनी बघितलं अन् दोन पावलं मागंच सरले. म्हनले, हा लई कडक मानूस दिसतो, ह्यालाच करा."

मिशीच्या जागी अजून गार वारा लागत असलेल्या रामहरीने आशेने विचारलं, "मंग दाजी, मिशी आता वाढवनार न्हाई?"

"आता कशाला वाढवू? मिशी उतरली तवा कुठं माझा भाव खरा वाढलाय!"