आर्पोआदोरच्या खडकात अडकलेली मूठ

"हे बघ वाल्देसिर, चारचौघांत काही तमाशा केलास ना, तर मी तशीच बस पकडून घरी जाईन," इवोनेतेनं वाटेतच बजावलं. त्याच्या अंगावरचा कोरा शर्ट बघून तिला संशय आलाच होता. तिच्या पहिल्या नवऱ्यानं (बिचारा आता नाही) तिला मागणी घातली होती ती भर फुटबॉलच्या मैदानात, भोंग्यावरून. त्या धसक्यातून बाई अजून सावरली नव्हती.

म्हणून तर वाल्देसिरनं डोकं लढवून ही जागा निवडली होती. डिसेंबरात आर्पोआदोरच्या खडकावर अर्धं रिओ लोटतं खरं, पण सगळ्यांची तोंडं पश्चिमेला! सूर्य बुडाला की टाळ्या वाजवून त्याला निरोप द्यायचा आणि मगच उठायचं, अशी रीत. तोवर शेजारी कोण बसलंय याचीही कुणाला शुद्ध नसते. आपण मागे बसायचं, हळूच विचारायचं, की झालं.

इवोनेते खाली लाटांवर फळ्या घेऊन तुटून पडलेली पोरं बघत होती. वाल्देसिरनं खिशातून अंगठी काढली. हाताला घाम सुटलेला. अंगठी निसटली, खडकावर टुणकन उडाली आणि सरळ कपारीत गेली. त्यानं मनगटापर्यंत हात घातला. बोटांना अंगठी लागली, मूठ आवळली, आणि हात काही बाहेर येईना.

"काय करतोयस?" इवोनेतेनं विचारलं.

"काही नाही. जरा पडलोय."

"पालथा?"

तेवढ्यात माते नावाचा थंडगार चहा विकणारा तिथून चालला होता. त्याचा गळा म्हणजे काय विचारता! "अहो, इकडे या, एक काका खडकात अडकलेत!"

झालं! जी माणसं सूर्याकडे बघत बसतील असा हिशेब होता, ती सगळी सूर्याकडे पाठ करून वाल्देसिरभोवती जमली. लाटांवरचं एक पोरगं फळी काखेत मारून धावत वर आलं. "घाबरू नका काका, माझ्याकडे मेण आहे!" म्हणत त्यानं फळीचं मेण वाल्देसिरच्या मनगटाला खसाखसा चोळलं. हात आणखीच घट्ट बसला.

"अरे गाढवा," एक आजीबाई कडाडल्या, "ते मेण पाय घसरू नये म्हणून लावतात ना?"

"हो की!" पोरगं म्हणालं.

आजीबाईंनी उन्हाच्या मलमाची अख्खी बाटली कपारीत ओतली. मनगट सुटलं, मूठ अडली ती अडलीच.

"मूठ सोडा की काका!"

"नाही सोडणार."

"का पण?"

"माझी मर्जी!"

"आणि हा म्हणे लोकांची अडलेली कुलपं उघडून पोट भरतो," इवोनेते लालबुंद होऊन म्हणाली आणि तिनं पिशवी खांद्याला लावली. "मी निघाले."

गेली की कायमची गेली, हे वाल्देसिर ओळखून होता. "इवोनेते, जरा खाली वाक. कान दे." ती नाइलाजानं वाकली. "मुठीत अंगठी आहे. सोडली तर समुद्रात जाईल."

"अंगठी? कुणाची?"

"तुझी. म्हणजे... घेतलीस तर."

सगळा घोळका कान टवकारून उभा. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "टेकला! सूर्य टेकला!" सगळे गर्रकन वळले.

"सोड ती," इवोनेते म्हणाली.

"पण..."

"सोड म्हणते ना! मला काय अंगठीशी संसार करायचाय? हो म्हणतेय मी तुला. आता हात काढ मेल्या!"

त्यानं मूठ सोडली. अंगठी खाली कुठंतरी किणकिणत गेली आणि मलमानं माखलेला, सोललेला हात सुळकन बाहेर आला. त्याच क्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या आपल्यालाच, असं वाल्देसिरला वाटलं. आभार मानायला तो वळला, तर समोर नुसत्या पाठी. ते मेणवालं पोरगंसुद्धा सूर्यासाठी शिट्ट्या मारत होतं.

"बघितलंस?" तो आनंदानं कुजबुजला. "कुणाला पत्तासुद्धा लागला नाही!"

"तेच तर!" इवोनेते फणकारली. "तुझा हात अडकला तर अख्खा खडक गोळा झाला, आणि मी हो म्हणाले तर एकानं मान वळवली नाही! उद्या परत यायचं. परत विचारायचं. आणि जरा मोठ्यानं!"