नानाभाऊंची बरणी

नानाभाऊंच्या फ्रिजसमोर मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. "हळू बोला ना मास्तर, थे झोपून राह्यलं," म्हणत ते दार अलगद उघडत. आत दुधाच्या पातेल्याशेजारी लोणच्याची बरणी, आणि बरणीत राखट रंगाचा चिखल. तो चिखल म्हणजे बीअरचं यीस्ट.

मंगरूळपीरला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. नानाभाऊ म्हणजे आयटीआयमधून निवृत्त झालेले फिटर. गळ्यात तुळशीमाळ, आणि घरात बीअर! सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, उकळायचे, गार झालं की बरणीतला चिखल त्यात सोडायचा. बीअर तयार झाली की तळाचा गाळ पुन्हा बरणीत, पुढच्या खेपेसाठी. स्वतः थेंबही घेत नसत. चव बघायचं काम माझं, आणि ते मी कधी टाळलं नाही.

"मस्त झाली नानाभाऊ," म्हटलं की चिडायचे. "मस्त नका सांगू. मागच्यासारखीच हाय का, थे सांगा."

एकदा मी म्हटलं, "दर वेळी हा गाळ कशाला जपता? नवीन पाकीट आणा की." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, अकोल्याला. पंधरा दिवस बहिणीकडे राहणार होते. बरणी माझ्या हाती देताना ती जपण्याचं कारण पहिल्यांदाच सांगितलं. मुलगा अमोल बीअर प्यायला म्हणून त्यांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. सात वर्षांनी तो कॅनडाहून आला, चार दिवसांसाठी, आणि आणलं काय तर यीस्टचं पाकीट. बापलेक चारही दिवस शेगडीपुढे उभे.

"एकदाबी भांडलो नाई मास्तर. हे त्याच पाकिटाचं हाय. मंग काई तो आला नाई."

मग सूचना. आठ दिवसांनी साखरेचं पाणी उकळून द्यायचं. "पन पुरं गार झाल्यावर, नाई तं मरते थे. बोट घालून पाहजा."

त्या सकाळी मला कारंज्याची बस गाठायची होती. पाण्याची वाफ थांबलेली दिसली, मी ओतून मोकळा झालो. बोट घातलं नाही. संध्याकाळी बरणी गप्प. दुसऱ्या दिवशीही एक बुडबुडा नाही. पुढे जे केलं त्याची आजही लाज वाटते. बेकरीतून यीस्ट आणलं, पाण्यात कालवलं आणि बरणी धुऊन त्यात भरलं.

नानाभाऊ परतले, खेप लावली. आठवड्यानं, रविवारी सकाळी, मला बोलावलं. पिंपावरचं फडकं काढताच पावाचा वास आला. मलाही कळला, मग त्यांना कसा कळला नसेल? काळा चष्मा लावून ते कितीतरी वेळ वाकून हुंगत राहिले. सांगून टाकावं असं फार वाटलं.

तेवढ्यात अमोलचा फोन आला. आवाज बाहेर ऐकू येत होता. "बाबा, माझं यीस्ट जिवंत हाय ना अजून?"

नानाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"हाय ना बाप्पा. तुयंच हाय. मास्तरनं लेकरावानी सांभाळलं."

फोन ठेवून त्यांनी स्टीलचा पेला भरला आणि माझ्या हातात दिला. मी घोट घेतला आणि वाट पाहत उभा राहिलो. मागच्यासारखीच आहे का, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.