ईस्टरच्या आधी भरलेली टाकी

दरवर्षी नोव्हेंबरात अदेलार आपल्या लाल गाडीला सहा महिन्यांसाठी झोपवायचा, आणि त्या दिवशी घरात जेवण काही वेळेवर व्हायचं नाही. आधी टाकी गळ्यापर्यंत भरायची. रिकामी जागा राहिली की थंडीत आत पाणी धरतं, गंज चढतो. मग पेट्रोल नासू नये म्हणून बाटलीतलं औषध ओतायचं, दहा मिनिटं इंजिन चालवून ते आतपर्यंत पोचवायचं, आणि वर चार चादरी. बायकोला, ओदेतला, एवढ्या प्रेमानं त्यानं जन्मात कधी पांघरूण घातलं नव्हतं.

पण यंदा ओदेतनं टोमणा मारला नाही. येत्या मे महिन्यात ही गाडी दोघांना गास्पेला, समुद्रावर नेणार होती. ओदेत पासष्टची झाली तरी तिनं समुद्र पाहिला नव्हता. आणि गाडीनं चर्च आणि आइस्क्रीमचं दुकान यापलीकडे काही पाहिलं नव्हतं.

"शपथ घे," ओदेत म्हणाली.

"घेतली. टाकी भरलीय, औषध घातलंय. बर्फ वितळला की सुटलोच."

फेब्रुवारीत अदेलार गुडघ्याच्या ऑपरेशनला शहरात गेला आणि त्याची पाठ वळायची खोटी, वादळ आलं. तीन दिवस बर्फ! चर्चच्या कळसावरचा पत्र्याचा कोंबडा आहे ना, त्याचे पाय बुडाले. खोटं वाटत असेल तर कोंबड्याला विचारा. ओदेतचं बर्फ उडवायचं यंत्र पेट्रोलवाचून बंद पडलं. पंप बारा किलोमीटरवर, रस्ताच नाही. शेवटी ती कोठारात गेली, गाडीच्या टाकीत रबरी नळी घातली आणि तोंडानं ओढलं. एक घोट थेट पोटात. मग तिकडच्या शिव्या देण्याच्या रीतीनं चर्चमधल्या झाडून सगळ्या पवित्र वस्तूंची नावं तिच्या तोंडून निघाली, आणि भक्तीनं नव्हे.

यंत्राचा आवाज ऐकून शेजारची पिएरेत खिडकीतून ओरडली, "अगं ओदेत, तुझं बरं चालतंय! माझं तर मेलंय."

"एक डबा घेऊन जा. पण अदेलारच्या कानावर जाता कामा नये हं!"

"मी? मी म्हणजे थडगं आहे थडगं!"

दुपारपर्यंत थडग्यानं लाकडाच्या वखारवाल्या नोर्मांला सांगितलं, नोर्मांनं फादरना. संध्याकाळी टाकी वाजवली तर ढम्म आवाज यायला लागला.

"उसनं आहे हं," ओदेत एकेकाला बजावत होती. "परत आलं पाहिजे."

खरं तर रस्ता उघडला की आपणच चांगलं पेट्रोल आणून भरायचं, असं तिच्या मनात होतं. पण अदेलार घरी आला तो काठी टेकत, आणि बसला कुठं? कोठारासमोरच्या खिडकीत. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथंच. कोठारात जायचं तर त्याच्या नजरेसमोरूनच; डबा न्यायचा कसा? ओदेतची झोप उडाली. समुद्र आपणच नळीनं ओढून टाकला, असं तिला वाटायचं.

तेवढ्यात उपासाचे दिवस आले. फादर प्रवचनात म्हणाले, "ईस्टरच्या आधी ज्याचं त्याचं परत करा," आणि स्वतःच लाल झाले. मग काय! पाकासाठी मेपलच्या झाडांचा रस उकळता उकळता गावाची सदसद्विवेकबुद्धीही उकळली. शेतातून, कोठाराच्या मागच्या दारानं एकेक जण गुपचूप आला. पिएरेतनं शेगडीचं रॉकेल ओतलं. जळतं ना, मग झालं. नोर्मांनं यांत्रिक करवतीचं पेट्रोल, तेल मिसळलेलं. फादरनी गवत कापायच्या यंत्रातलं, दोन उन्हाळ्यांपूर्वीचं, थोड्या गवतासकट. आणि पाप राहायला नको म्हणून प्रत्येकानं नेलं त्याहून जरा जास्तच घातलं.

ओदेतला यातलं काय ठाऊक? एक दिवस तिनं झाकण उघडलं तर टाकी काठोकाठ! चमत्कारच. तिनं मेणबत्ती लावली.

मे उजाडला. सुटकेस चढल्या, अंड्याचे सँडविच चढले. अदेलारनं किल्ली फिरवली. गाडी खोकली, शिंकली, आणि सुरू झाली! त्याचा चेहरा पडलेला पाहून ओदेत चक्रावली. मागून निळा धूर असा सुटला की गावातल्या गाईंनी आठवडाभर भाजका वास येणारं दूध दिलं. सात किलोमीटर गाडी कशीबशी फटफटत गेली आणि तळलेल्या बटाट्याच्या टपरीपाशी धापकन मेली.

ओदेतला रडूच फुटलं. "अदेलार, मी केलं हे. वादळात मीच काढलं पेट्रोल, गावाला वाटून टाकलं. परत काय भरलं गेलं देव जाणे. तुझी गाडी मी मारली रे."

अदेलारनं स्टिअरिंगवरचे हात काढले. मग हळूच म्हणाला, "मी औषध घातलंच नव्हतं."

"काय?"

"बाटली फळीवर तशीच आहे. म्हटलं, पेट्रोल नासेल, गाडी सुरू होणार नाही, जायचं टळेल. हा गुडघा नोव्हेंबरापासूनच दुखतोय... ऑपरेशननंही फरक नाही. एवढा लांब मला चालवणं जमत नाही, ओदेत. तुला सांगायची लाज वाटली. आणि ही बया सुरू झाली!"

"अरे मेल्या, बसनं गेलो असतो!"

"हो ना," तो म्हणाला. "ते सुचलंच नाही."

दोघं सँडविच खात राहिले. सगळा हिवाळा एकाच छपराखाली दोघं एकमेकांपासून लपत होते.

नोर्मां ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं पुढं दोर बांधला, गाडी घराच्या दिशेला वळवून घेतली आणि म्हणाला, "आत कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसा."

अदेलारनं उजवा पाय उचलून पाहिला, कळवळला आणि मुकाट्यानं बाजूच्या सीटवर सरकला. एवढ्या वर्षांत ओदेत पहिल्यांदा त्या स्टिअरिंगमागे बसली. ट्रॅक्टर निघाला. गाव दारात उभं राहून हात हलवत होतं. पिएरेत, फादर, सगळे.

"हळू," अदेलार म्हणाला. "दोराला झटका देऊ नकोस."

"नाही देत." ओदेतनं समोरच्या आरशात पाहिलं. "समुद्र कुठल्या बाजूला रे?"

"मागं," अदेलार म्हणाला.