कोऱ्या बाटलीचं मावंदं

योगिनी दक्षिण ध्रुवाकडून तेरा बाटल्या घेऊन वर्तकनगरला परतली, ती शनिवारी संध्याकाळी. बाटल्या जायच्या होत्या शहाडच्या प्रयोगशाळेत. पण वीजदुरुस्तीमुळे ती सोमवारपर्यंत बंद होती. "एक दिवस घरच्या फ्रीजरमध्ये ठेव," असं तिच्या मार्गदर्शकांनी, महिपत सरांनी, फोनवर सांगितलं. तेव्हा फ्रीजर रिकामा करणं आलं.

न चिकटणाऱ्या तव्यांच्या लेपात आणि पाणी न धरणाऱ्या कोटांत असणारी काही रसायनं म्हणे वर्षानुवर्षं नाहीशी होत नाहीत. जिथे तवाही नाही आणि कोटवालाही नाही, अशा बर्फापर्यंत ती पोचली आहेत का, एवढंच योगिनीला शोधायचं होतं. त्यासाठी तिने तीन महिने थंडीत काढले होते, आणि तिची पीएचडी या तेरा बाटल्यांवर अवलंबून होती.

फ्रीजरमधले मटार, खवलेलं खोबरं आणि गेल्या वर्षीचा आमरस तिच्या सासूबाईंनी, सुमतीबाईंनी, शेजारच्या रमाबाईंकडे नेऊन ठेवला. वर्तकनगरात आमरस शेजारी गेला की त्यामागचं कारणही पाठोपाठ जातं.

"दक्षिण ध्रुवाचं पाणी?" रमाबाई म्हणाल्या. "मग मावंदं कधी करताय?"

काशीहून आणलेल्या गंगेची पूजा करायची, तीर्थ वाटायचं आणि चार माणसं जेवायला घालायची, हे मावंदं सुमतीबाईंच्या घरात तीन पिढ्या चुकलं नव्हतं. काशी ती केवढीशी लांब! सून पृथ्वीच्या टोकाला जाऊन आली होती आणि घरात साधा शिरासुद्धा झाला नव्हता. ते सुमतीबाईंच्या मनाला लागलं.

रविवारी योगिनी मेल्यासारखी झोपली. फ्रीजच्या दारावर तिने एक कागद चिकटवला होता आणि राखणीला नवरा ठेवला होता.

"विनीत, काय लिहिलंय रे ते? वाच जरा," सुमतीबाई म्हणाल्या.

विनीतने वाचलं, "बाटली हाताळणाऱ्याने नवे कपडे घालू नयेत, धुतलेले जुने सुती घालावेत. अंगाला पावडर, क्रीम, अत्तर लावू नये. हात धुतल्यावर मध्ये कशालाही शिवू नये. जवळपास खाऊ नये. नॉनस्टिक भांडी लांब ठेवावीत."

"अगं बाई, हे तर सोवळं!" सुमतीबाईंचे डोळे भरून आले. "पोरीने तीन महिने बर्फात सोवळं पाळलं, आणि एका शब्दाने बोलली नाही."

"आई, तू हात नको लावूस हां. ती मला फाडून खाईल."

"नियमाबाहेर मी कधी काही करते का?"

बाटली उघडू नये, असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. शास्त्रज्ञांना ते लिहायची गरज वाटत नाही.

विनीतला चक्का आणायला पिटाळून सुमतीबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली, जुनी सुती साडी नेसली आणि फ्रीजर उघडला. बारा बाटल्यांवर गावांची असावीत तशी नावं आणि आकडे होते. तेरावीवर नुसतं 'कोरी' लिहिलेलं होतं. बारा कोणाकोणाच्या ठरलेल्या दिसतात, ही घरच्यांसाठी आणली असणार, असा त्यांनी हिशोब केला.

विनीत परतला तेव्हा बाटलीतला बर्फ वितळला होता, बाटली देवापुढे होती आणि घरात पंचवीस माणसं होती. आईला अडवावं की बायकोला उठवावं, याचा त्याने जरा वेळ विचार केला आणि मग तो निमूटपणे श्रीखंड फेटायला बसला.

चार वाजता योगिनी डोळे चोळत बाहेर आली. समोर तांब्याची पळी दिसल्यावर तिने सवयीने हात पुढे केला, तीर्थ प्यायली, हात डोक्यावरून फिरवला आणि मग विचारलं, "आई, कसलं तीर्थ?"

"तुझंच गं," सुमतीबाई कौतुकाने म्हणाल्या. "दगडूकाकांनी तर दोनदा घेतलं. गुडघा हलका वाटतोय म्हणाले."

योगिनीने बाटली पाहिली. अर्धी उरली होती. तिने नाव वाचलं आणि सरांना फोन लावला.

"सर, बर्फाच्या बाराही बाटल्या शाबूत आहेत. गेलीय ती कोरी. आपलंच शुद्ध पाणी होतं ना त्यात, तिकडे नेऊन आणलेलं?"

"अगं, बारांतली एक गेली असती तरी अकरा उरल्या असत्या!" सर ओरडले. "बाटल्या हाताळताना आपल्या हातून घाण गेली नाही, हे त्या कोऱ्या बाटलीवरूनच तर सिद्ध होतं. ती बाद झाली तर तुझ्या बारांवर कोण विश्वास ठेवणार?"

योगिनी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून रडली. सुमतीबाईंना काय झालं ते नीट कळलं नाही; पण आपण केलं, एवढं कळलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

उरलेली अर्धी बाटली सोमवारी शहाडला गेली. तीन आठवड्यांनी सरांनी योगिनीला अहवाल दाखवला. ध्रुवाच्या बाराही बाटल्यांत ती रसायनं थोडी थोडी सापडली होती. सुमतीबाईंनी उघडलेली कोरी बाटली मात्र निर्मळ निघाली. योगिनीची पीएचडी वाचली होती.

"पण एक घोळ आहे," सर म्हणाले. "अशीच एक कोरी बाटली आपण इथे कुलपात ठेवलेली. ती मी स्वतः उघडली. त्यात मात्र घाणच घाण. तुमच्या घरी ती कोणी उघडलेली?"

"सासूबाईंनी."

"बोलाव त्यांना. माझ्या विद्यार्थ्यांना शिकवू देत."

सुमतीबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. सर त्यांना घ्यायला दारात उभे होते.

"जाकीट नवीन दिसतंय," सुमतीबाई म्हणाल्या.

"ध्रुवासाठी घेतलेलं. बीपी निघालं म्हणून माझं जाणं रद्द झालं. आता इथे एसीत घालतो."

"पाणी ठरत नसेल यावर."

"थेंबभरसुद्धा नाही!" सर अभिमानाने म्हणाले आणि एकदम स्वतःच्या बाहीकडे पाहू लागले.

"काढा ते," सुमतीबाई म्हणाल्या. "आणि आंघोळ झालीय का?"

"सकाळी केली."

"सकाळची कशी चालेल?"

सरांनी जाकीट बाहेरच्या खुंटीला टांगलं आणि योगिनीकडे टॉवेल मागितला.