साळिंदराचे दुसरे बीळ

बाळांनो, एका जंगलात भिकोबा नावाचे एक साळिंदर सुखात राहत होते. ही त्याची पहिली चूक.

त्याचे बीळ टेकडीच्या उतारावर होते. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. त्याने आणि त्याच्या बायकोने, सगुणाने, ते स्वतःच्या नखांनी उकरले होते. कोठीत भुईमुगाच्या शेंगाही भरपूर होत्या.

एके दिवशी रंभाजी माकड आले. ते बिळांची दलाली करायचे.

"भिकोबाशेठ, बिळं किती तुमची?"

"एक."

"एकच?" रंभाजीने असे काही विचारले, की भिकोबाला आपल्याला एखादा पाय कमी असल्यासारखे वाटले.

"एक बीळ राहायला, दुसरं भाड्याला," रंभाजी म्हणाले. "भाड्यातून कर्जाचा हप्ता जातो. कर्ज फिटलं की बीळ फुकट! ओढ्याकाठच्या जागेला तर रोज भाव चढतोय."

"कोण चढवतं?" सगुणाने विचारले.

"आपोआप चढतो, वहिनी."

"आणि तुमचं बीळ कुठं आहे, भावजी?"

"आम्ही झाडावर राहतो," रंभाजी म्हणाले आणि घाईने विषय बदलला.

भिकोबाला रात्रभर झोप आली नाही. सकाळी तो सगुणाला घेऊन मुंग्यांच्या पतपेढीत गेला. मुंग्यांनी शेंगांचे कर्ज दिले. थोड्या शेंगा त्याच्या कोठीतल्या घेतल्या, राहते बीळ गहाण ठेवून घेतले आणि दर पौर्णिमेला हप्ता ठरवला.

"भाडेकरू नाही मिळाला तर?" सगुणाने विचारले.

"पौर्णिमा काही त्याच्यासाठी थांबत नाही, बाई," मुंगी म्हणाली.

ओढ्याकाठचे बीळ जरा ओलसर निघाले. तरी भिकोबा खूश होता. तो सशाकडे गेला.

"राहायला येतोस का? भाडं वाजवी घेईन."

"अरे, मीच तुला विचारणार होतो!" ससा म्हणाला. "मीही दुसरं बीळ घेतलंय."

मुंगसानेही घेतले होते. घोरपडीने तर दोन घेतली होती. सगळे जंगल मालक झाले होते. भाडेकरूच कुणी उरला नव्हता.

नाही म्हणायला एक होता. नागोबा. त्याने जन्मात कधी माती उकरली नव्हती. आता त्याच्यापुढे मालकांची रांग लागली. तो एकेक बीळ बघे आणि नाक मुरडे.

"ओढ्याकाठी ओल आहे," तो भिकोबाला म्हणाला. "माझी हाडं दुखतात. टेकडीवरचं दाखव."

"ते आमचं राहतं घर आहे!"

"मग राहा. ससा वाट बघतोय माझी."

पौर्णिमा तोंडावर आली होती. भिकोबाने सगुणाकडे पाहिले. तिने टेकडीवरच्या बिळात जाऊन वाळक्या गवताचे अंथरूण गुंडाळले आणि बाहेर आणले.

"धरा एका बाजूने," ती म्हणाली.

भिकोबाने धरले. उतार संपेपर्यंत त्याने मागे वळून पाहिले नाही.

आता दोघे ओढ्याकाठी राहतात. भाड्यातून अर्धा हप्ता निघतो. उरलेल्या अर्ध्यासाठी दोघेही रात्ररात्र शेंगा उकरतात. सगुणाला सारखी सर्दी असते. ती शिंकली की तिचे काटे उभे राहतात आणि भिकोबा दचकून जागा होतो.

पण त्याचा मान फार वाढला आहे. अख्ख्या जंगलात भाडेकरू असलेला मालक तो एकटाच! तरुण प्राणी त्याला विचारायला येतात, "काका, सुरुवात कशी करावी?"

"धाडस करावं," भिकोबा गंभीरपणे सांगतो.

परवा तो भाडे आणायला टेकडीवर गेला. नागोबा उबेत वेटोळे घालून पडला होता.

"बीळ ठीक आहे ना?" भिकोबाने अदबीने विचारले.

"बरं आहे. पण दाराशी माती ढासळलीय. ती लिंपून टाका. मालकाचं काम असतं ते."

मालक! भिकोबाचे काटे आनंदाने थरारले. तो लगेच माती कालवायला बसला.

तात्पर्य: बाळांनो, सुखाने राहायचे असेल तर घर घेऊ नये. घरे घेणारे शेजारी जोडावेत.