गळक्या शिवणीचे कर्णिकसाहेब

कर्णिकसाहेब पिशव्यांना मिठ्या मारायचे. माणसांशी ते बेताचंच बोलत, हातसुद्धा जपून मिळवत. पण भरलेली जंबो पिशवी समोर आली की दोन्ही हात पसरून तिला कवटाळायचे, पाठीत घालावेत तसे दोन धपाटे घालायचे आणि मग मागे सरून स्वतःच्या छातीकडे बघायचे. त्यासाठीच ते बारा महिने काळा शर्ट घालत. छातीवर आतल्या पावडरीचा पांढरा डाग दिसला की पिशवी नापास. मग "गळतंय!" असं इतक्या जोरात ओरडायचे की नव्या मुली मशीन थांबवून आधी छपराकडे बघायच्या.

आमची कंपनी रोह्याजवळ, धाटावच्या अंगाला. आम्ही जंबो पिशव्या शिवायचो. एकेका पिशवीत टनभर माल मावतो. चार कोपऱ्यांना चार पट्टे असतात, ते क्रेनच्या आकड्यात अडकवून पिशवी उचलायची. मी निडीहून सकाळच्या गाडीनं येऊन शिलाई विभाग सांभाळायचे. कर्णिकसाहेब क्वालिटीचे. म्हणजे आम्ही शिवायचं आणि त्यांनी उसवायचं.

उसवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "म्हात्रेबाई, भोक दिसत नाही म्हणजे भोक नाही, असं नसतं." शिवणीबद्दल त्यांचं स्वतःचं तत्त्वज्ञान होतं. शिवण म्हणजे आपल्याच हातानं पाडलेली भोकांची रांग, असं ते म्हणत. सुई आत गेली, बाहेर आली, दोरा त्या भोकात सैल बसला, की पावडरीला दरवाजा उघडा. हे ऐकून आमची शालिनी एकदा म्हणाली, "सायेब, मग शिवूच नको काय?" त्यावर साहेब दोन दिवस खरोखरच विचारात पडले होते.

कंपनीबाहेरही त्यांची सुटका नव्हती. ते राहायचे अष्टमीला, पुलापलीकडे. लग्नाच्या पंगतीत यजमान विचारायला आले, "कर्णिक, जेवण कसं झालंय?" तर हे म्हणाले, "जेवण उत्तम. पण मागे तांदळाचं पोतं कोपऱ्यात गळतंय, ते आधी बघा." किराणा दुकानात रव्याची पुडी हातात घेतली की कानाशी नेऊन हलवायचे. आणि एकदा तर एसटीनं नागोठण्याला दाताच्या डॉक्टरकडे निघाले होते, तेव्हा शेजारच्या म्हातारीच्या पिशवीतून तांदळाचं पीठ सांडताना दिसलं. साहेबांच्या कॉलरच्या आत कायम सुईदोरा टोचलेला असे. ती पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी चालत्या गाडीत दुहेरी घडी घालून शिवायला घेतली. नागोठणं येऊन गेलं. वडखळच्या अलीकडे शेवटची गाठ मारून ते म्हणाले, "आता हिच्यातून काही गळायचं नाही."

म्हातारी म्हणाली, "बाबा, तू तर तोंड पण शिवलास. आता पीठ काढू कसं?"

दात तसाच ठणकत घेऊन साहेब परत आले. पण दुसऱ्या दिवशी मला सांगताना त्यांना खंत कसली, तर बस हलत असल्यामुळे टाके सरळ आले नाहीत याची.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग पेणहून तक्रार आली.

पेणजवळच्या एका गोदामात आमच्या पिशव्या जायच्या. रंगात घालायची पांढरी पावडर असायची त्यांत, टाल्कमपेक्षा बारीक. गोदामाच्या शेठनी कळवलं की तुमच्या पिशव्या गळतात, दिवाळीपर्यंत सुधारा, नाहीतर आम्ही गुजरातहून मागवू. त्या एका गिऱ्हाईकावर आमची शिलाईची एक अख्खी ओळ चालत होती. ती ओळ म्हणजे धाटाव, निडी आणि आजूबाजूच्या गावांतल्या बाया. मॅनेजर सामंतांनी कर्णिकसाहेबांना आणि मला पेणला पाठवलं. जाताना बजावलं, "शेठना समजावून सांगा. पावडर म्हटल्यावर थोडी गळणारच."

"मग पिशवी म्हणून विकू नका," साहेब म्हणाले. "चाळण म्हणून विका."

गोदामात शिरलो तर जमीन पांढरी, भिंती हातभर उंचीपर्यंत पांढऱ्या, आणि त्या पांढऱ्यात एक पांढरी बाई झाडू मारत होती. तिच्या भुवया, पापण्या, अंबाड्याचं फूल, सगळं पांढरं. मी तिला "आजी" म्हणून हाक मारली.

"आजी कोनाला बोलतेस गो?" ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "तुज्याच वयाची असंन मी. ह्या भिवया कंपनीच्या हायेत, माज्या न्हाय." आणि हसता हसता तिला खोकल्याची अशी उबळ आली की खांबाला धरून उभं राहावं लागलं.

तिचं नाव हिराबाई. जोह्याहून बसनं यायची. सांडलेली पावडर झाडून गोळा करायची, एवढ्याच कामावर शेठनी तिला ठेवलं होतं.

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी अंगातला काळा शर्ट काढला. शेठ, हमाल, मी, सगळ्यांच्या देखत हा माणूस बनियनवर उभा. त्यांनी शर्ट एका पिशवीच्या बुडाशी नीट पसरला, क्रेनवाल्याला पिशवी वीतभर उचलून पुन्हा टेकवायला लावली आणि शर्ट ओढून घेतला. काळ्या कापडावर पांढऱ्या ठिपक्यांची सरळ रेघ उमटली होती. बुडाच्या शिवणीची हुबेहूब नक्कल, टाक्याला ठिपका.

"कापड नाही, तोंड नाही, शिवण," साहेब म्हणाले. शेठशी एक शब्द न भांडता ते तो शर्ट घडी घालून, बनियनवरच एसटीत बसले. रोह्यापर्यंत एकदाच बोलले. "म्हात्रेबाई, ती बाई ते सगळं छातीत घेते."

त्यानंतर त्यांनी आम्हाला सळो की पळो केलं. आधी दोऱ्याला मेण लावलं. मेणानं सुया चिकटल्या. मग शिवणीवर चिकटपट्टी लावली. पिशवी उचलली की शिवण ताणायची आणि पट्टी पापडासारखी सुटून यायची. मग कापडाची तिहेरी घडी. तिच्यात सुया मोडायला लागल्या. शालिनी म्हणाली, "सायेब, पिशवी शिवताव का दगड?" आत प्लास्टिकचं अस्तर घालून बघितलं, तर माल भरताना ते गोळा होऊन फाटायचं. प्रत्येक वेळी साहेब मिठी मारायचे, छातीकडे बघायचे, "गळतंय," म्हणायचे. पण आता ओरडून नाही. शांतपणे म्हणायचे आणि लगेच विचारायचे, "आता पुढं काय?"

सामंत एकदा येऊन म्हणाले, "कर्णिक, पुष्कळ झालं. पहिल्यापेक्षा कमी गळतंय ना?"

"कमी गळतंय म्हणजे ती कमी खोकेल, एवढंच ना?" साहेब म्हणाले. सामंतांना ती म्हणजे कोण ते कळलंच नाही. पिशवीला ती म्हणताहेत असं समजून ते निघून गेले.

मग साहेबांनी फुलवातीसारखी पिंजलेली, मऊ दोरी मागवली. ती शिवणीत धरून शिवली की सुई दोरीतून जाते, तिचे तंतू सुईबरोबर भोकात ओढले जातात आणि फुगून भोक बुजवतात. ही युक्ती धंद्यात नवी नव्हती, पण आमच्याकडे कुणी केली नव्हती. एक दोरी घातली, तर डाग अर्ध्यावर आला. साहेब म्हणाले, "दोन घालू. एक आतून, एक बाहेरून." पण कापडाची घडी धरायची, दोन दोऱ्या धरायच्या आणि मशीनही चालवायचं, म्हणजे बाईला चार हात हवेत. दोऱ्या सारख्या निसटायच्या.

मी म्हटलं, "साहेब, मशीनलाच हात लावू या दोन." आमचा फिटर रफिक अष्टमीचाच. त्यानं स्टोव्हच्या जुन्या पितळी नळीचे दोन तुकडे वाकवून सुईच्या अलीकडे बसवले. नळीतून दोरी आपोआप शिवणीवर उतरायला लागली. पहिल्या दिवशी नळी कापडात अडकली. दुसऱ्या दिवशी दोरी गुंतली. रफिक म्हणाला, "साब, मैं तो बोलता, बीवी को भी इतना नही मनाया." साहेब त्याच्याशेजारी जमिनीवर बसून कानस देत होते. नळीचं तोंड घासून गुळगुळीत केलं, आणि शालिनीनं एक पूर्ण बूड न थांबता शिवलं.

ती पिशवी भरली, उचलली, आपटली, क्रेनवर हलवली. साहेबांनी मिठी मारली. मागे सरले. छाती काळीकुळकुळीत. ते गोल फिरून सगळ्यांना शर्ट दाखवायला लागले. बाया टाळ्या वाजवत होत्या, रफिक शिट्टी वाजवत होता. साहेब म्हणाले, "अजून एकदा आपटा."

दिवाळीच्या आधीच माल पेणला पोचला. ऑर्डर टिकली, ओळ टिकली. सामंतांनी पेढे वाटले. महिन्याभरानं साहेब आणि मी गोदाम बघायला गेलो. जमीन आरशासारखी. शेठनी चहा मागवला. साहेब इकडेतिकडे बघत होते.

"हिराबाई कुठंय?"

"कोण? ती झाडूवाली?" शेठ खूश होते. "तुमची कृपा! झाडायला काही राहिलंच नाही. मग बाई कशाला ठेवू?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

आम्ही रोह्याची बस सोडून जोह्याची धरली. गणपतीच्या कारखान्यांच्या त्या गावात हिराबाईला शोधायला वेळ लागला नाही. एका कारखान्याच्या दारात ती प्लास्टरची उघडी पोती घमेल्यात रिकामी करत होती. तोंडाला पदर बांधलेला. भुवया पुन्हा पांढऱ्या. आम्हाला बघून ती ओळखीचं हसली.

"सायेब, जिकलात म्हनं तुमी! एक कण सांडत न्हाय."

"हिराबाई, तुमचं काम गेलं," साहेब म्हणाले.

"ग्येलं त ग्येलं. हितं काय, पावडरीला तोटा न्हाय." आणि ती खोकायला लागली.

साहेबांनी उलट पावली पेणची बस पकडली. शेठ गोदाम बंद करायच्या बेतात होते. साहेब त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आमच्या पिशवीची हमी देतो. एक गळली तर बदल्यात नवी. पण एका अटीवर. उतरवलेल्या प्रत्येक पिशवीला काळं फडकं लावून बघायला तुमच्याकडे कायमचा माणूस पाहिजे. त्या माणसानं नापास केलं तरच हमी."

"माणूस मिळेल की."

"हिराबाईच पाहिजेत. त्यांनी गळती बघितलेली आहे."

शेठनी खूप आढेवेढे घेतले. गोदाम बंद करायची वेळ टळून गेली. साहेब हलले नाहीत. शेवटी शेठच कंटाळून म्हणाले, "बरं बाबा, बोलवा तिला." कुणालाही न विचारता हमी दिल्याबद्दल सामंत नंतर आठवडाभर साहेबांशी बोलले नाहीत.

हिराबाई कामावर परत गेली. साहेबांनी स्वतःच्या हातानं चार काळी फडकी शिवून पाठवली, कडा दुमडून. आणि दर शनिवारी तिनं आमच्या ऑफिसात फोन करून आठवड्याचा हिशेब सांगायचा असं ठरवून दिलं. फोन माझ्या टेबलावर होता, म्हणून बोलणं माझ्या कानावर पडायचं. "सायेब, सगल्या पास." "ठीक." फोन खाली. पण शनिवारी साहेब दुपारपासूनच माझ्या टेबलापाशी काहीतरी शोधत असल्यासारखे घुटमळायला लागले. बायको जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, मुलगा दूर कुठंतरी होता. एवढंच आम्हाला माहीत होतं, आणि तेही रफिककडून.

एकदा आमच्याकडून पेणला मालच गेला नाही. क्रेन बिघडली होती. म्हणून शनिवारी फोन येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही. तरी ते येऊन बसले, जुनं वर्तमानपत्र उघडून. आणि फोन वाजला.

मी उचलून त्यांच्याकडे दिला. हिराबाईचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं.

"सायेब, आज माल न्हाय आला."

"हो. माहीत आहे."

"मंग फडकी धुवून टाकली." मग ती म्हणाली, "ज्येवलात काय?"

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. माझ्याकडे पाठ केली.

"जेवलो," ते म्हणाले. "वांग्याची भाजी केली होती. मीठ जरा जास्त पडलं." आणि मग खुर्ची फोनजवळ ओढून घेत म्हणाले, "तुम्ही कशी करता, हिराबाई? वांगी आधी चिरून पाण्यात टाकता, की कसं?"